उन्हाळ्याच्या शेवटी मेथी-कोथिंबीर बाजारात पोचेपर्यंत मान टाकते? आधी हे तपासून बघा

एप्रिल संपला की दरवर्षी हीच तक्रार सुरू होते. नाशिकभोवतालचं मखमलाबाद, गिरणारे, दरी-मातोरी, आडगाव, कुठल्याही बाजूच्या छोट्या भाजीवाल्याला विचारा. एकरभर नाहीतर त्याहूनही कमी रान, चार वाफे मेथी, चार वाफे कोथिंबीर, कडेला भेंडी-गवार, मांडवावर दोडका नि काकडी, आणि माल आपणच गाडीवर टाकून शहरात हातविक्रीला न्यायचा. शेतातून निघताना जुडी ताठ असते आणि गंगापूर रोडला किंवा बुधवारी गोदाघाटावर जाऊन पोतं सोडलं की पानं लोंबलेली, देठ मऊ, मधल्या जुड्या तर हाताला कोमट लागतात. गिऱ्हाईक जुडी उचलतं, झटकून बघतं आणि गपचूप परत ठेवतं. मग पाणी मारा, अजून पाणी मारा, अकरा वाजले की अर्ध्या भावात सोडा, उरलं ते गाईपुढे. आणि हे सगळं ऐन लग्नसराईत, कोथिंबिरीला चांगला भाव असतो तेव्हा, म्हणून जास्तच जिवाला लागतं.

पाणी मारून हे सुटत नाही, हे आधी सांगतो. विकायला बसल्यावर जे करतो ते फार उशिराचं असतं. भाजी टिकणार की नाही हे उपटल्यापासून पहिल्या तास-दीड तासात ठरून जातं, आणि त्या वेळात आपण बहुतेकजण तिला बांधाकडेला उन्हात ढीग लावून ठेवतो, कारण अजून अर्धा वाफा उपटायचा असतो आणि जुड्या बांधणारं माणूस एकच असतं.

उपटली म्हणून भाजी मरत नाही. तिचा श्वास चालू असतो आणि त्यातून उष्णता निघत राहते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट वाढतो, म्हणजे तेवढ्याच वेगाने ती शिळी व्हायला लागते. दुसरीकडे पानातून पाणी उडतच असतं, पण मुळाकडून येणारं बंद झालेलं असतं. पालेभाजीचं वजनाच्या साधारण ५ टक्के पाणी गेलं की ती डोळ्याला मलूल दिसायला लागते, म्हणजे किलोभर मेथीतून फक्त ५० ग्रॅम. मे महिन्यातल्या कोरड्या वाऱ्यात हे जायला वेळ लागत नाही.

आता तुमच्याकडे नेमकं कुठे बिघडतंय ते कसं शोधायचं. कारणं चार-पाच असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिलं, वाफ्यातच बघा. दुपारी दोनला मेथी-पालक-भोपळ्याची पानं थोडी पडणं साहजिक आहे, संध्याकाळी ती परत उभी राहतात. पण सूर्य उगवायच्या आत गेलात आणि तरीही झाड पडलेलं दिसलं तर भाजी बाजारात कोमेजत नाहीये, ती रानातूनच तशी येतेय. मग मूळ उपटून बघा, तपकिरी झालंय का, साल हाताने सुटून येते का. तसं असेल तर मूळकूज नाहीतर मर रोग आहे, त्याला पुढचं काहीही लागू पडणार नाही, आधी पाण्याचा निचरा आणि पिकाची फेरपालट बघा.

दुसरं, बादलीची परीक्षा. सुकलेली एक जुडी गार पाण्याच्या बादलीत मुळं बुडवून सावलीत तासभर उभी ठेवा. परत ताठ झाली तर नुसतं पाणी गेलंय, म्हणजे वारा-ऊन-वेळ यांचा प्रश्न. नाही झाली, पानं कोमट-चिकट राहिली, वास आला, तर ती आतून उकडलीये, म्हणजे ढीग आणि भरण्याचा प्रश्न.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिला काहीच खर्च नाही. निघायच्या आधी बांधून ठेवलेल्या पोत्यात मधोमध हात घाला, कोपरापर्यंत. वरच्या जुड्या गार, ओल्या लागतात, आणि आत गेलं की बोटांना ऊब लागते, पानं घामेजल्यासारखी ओलसर, एकमेकाला चिकटलेली, आणि हात बाहेर काढला की त्याला मेथीचा नेहमीचा कडवट वास नसून जरा आंबूस वास असतो. ही ऊब त्या जुड्यांचीच आहे, बाहेर जायला जागा नाही म्हणून साठलीये. वरून कितीही पाणी मारा, तिथपर्यंत ते जात नाही, आणि गेलं तर उकडलेल्या पानावर सडायलाच मदत करतं. ज्याच्या पोत्यात आत ऊब लागली त्याने बाकी सगळं सोडून आधी भरण्याची पद्धत बदलावी.

आता इलाज. मी शेतापासून विक्रीपर्यंत क्रमाने सांगतो पण तुमचा प्रश्न जिथे सापडला तिथूनच सुरुवात करा, सगळं एकदम करायला जाल तर दोन दिवसांत कंटाळून सोडून द्याल.

पाणी आदल्या दिवशी हवं. झाड पाणी पिऊन भरलेलं असेल तेव्हाच उपटायचं. हलकं रान असेल तर आदल्या संध्याकाळी, काळी जमीन असेल तर अजून थोडं आधी, म्हणजे सकाळी वाफसा असतो, माती ना चिखल ना कोरडी, मूळ सुटून येतं आणि चिखलाचे गोळे लागत नाहीत. अडचण लाईटची असते हे मला माहीत आहे, आठवडा दिवसाची, आठवडा रात्रीची, त्यामुळे उपटणीचे दिवस लाईटच्या पाळीकडे बघूनच ठरवावे लागतात, तसे ठरवा. आणि एक, उपटणीच्या आधी आठ-दहा दिवसांत युरिया मारून पाला फुगवू नका. दिसायला हिरवागार, लांबलचक येतो पण तो पाणीदार, लुसलुशीत पाला सगळ्यात आधी मान टाकतो. काकडीवाल्यांनी तर या दिवसांत पाण्यात खंड पडूच देऊ नये, ऊन आणि पाण्याचा ताण एकत्र आला की काकडी कडू निघते आणि एकदा कडू निघाली की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

उपटायची वेळ. आपल्याकडे नाशिकला दुपारी पारा ३८-४० वर गेला तरी रात्री हवा चांगली खाली येते, पहाटे बऱ्याचदा बावीस-तेवीसच्या आसपास असते. ही आपल्या भागाची देणगी आहे आणि ती फुकट घालवू नये. पहाटे उपटलेली मेथी आधीच गार आणि पाण्याने भरलेली असते, नऊला उपटलेली तापलेली असते, एवढा साधा फरक आहे. पण बाया सकाळी स्वयंपाक, पाणी, पोरांचं आवरून आठशिवाय येत नाहीत आणि त्यांना पाचला या म्हणणं बरोबर पण नाही. म्हणून काम तोडून करा. पालेभाजी उपटणं घरच्या माणसांनी पहाटे करायचं, भेंडी, गवार, दोडका बायांनी नंतर तोडायचा कारण ते जरा दम धरतात. सुट्टीत पोरं घरी असतात, जुड्या बांधायला त्यांना बसवा, सावलीत. पहाटे अजिबातच जमत नसेल तर सूर्य बुडल्यावर उपटा आणि रात्रभर नीट गार ठेवा, त्यातसुद्धा तोटा नाही. दिवसभर उन्हात पानाने साखर साठवलेली असते, त्यामुळे संध्याकाळची भाजी गार ठेवली तर टिकायला चांगलीच असते. फक्त आठ ते पाच या वेळात पालेभाजी उपटू नका.

सावली वाफ्याशीच न्या. म्हणजे शेडजवळ आणू मग सावलीत ठेवू असं नाही, जिथे उपटताय तिथेच चार बांबू नि हिरवी नेट, नाहीतर जुनी साडी बांधा आणि उपटलेली प्रत्येक ओंजळ थेट त्या सावलीत ओल्या गोणपाटावर. उन्हात पडलेला माल हवेपेक्षाही जास्त तापतो, काळ्या तळाच्या क्रेटमध्ये तर अजून.

मग पाण्यात बुडवून गार करणं, यावर मी जरा थांबतो कारण इथेच सगळ्यात जास्त फायदा आहे आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचं केलं जातं. विहिरीचं पाणी भर उन्हाळ्यातही दुपारच्या हवेपेक्षा बरंच गार असतं. पण ते पाणी काळ्या पाईपातून येतं, पाईप उघड्यावर पडलेला असतो, आणि दुपारी मोटार चालू केली की पहिलं पाणी हाताला चटका देतं, तेच लोक टबात भरतात. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं तर त्याहून वाईट. म्हणून पाणी पहाटेच भरून ठेवा, सावलीत, झाकून, किंवा पाईपातलं तापलेलं पाणी आधी बांधावर सोडून द्या आणि हाताला गार लागलं की मगच टब भरा. मेथी, पालक, शेपू, कांदापात पाच-सात मिनिटं पूर्ण बुडवा, वर काढा, हलक्या हाताने झटका, मग उभ्या ठेवून निथळू द्या. निथळणं विसरायचं नाही, पाणी धरून ठेवलेली जुडी गच्च भरली की दुपारपर्यंत काळी पडते. कोथिंबीर जास्त नाजूक, तिची मुळं पाण्यात आणि पाल्यावर नुसता शिडकावा, बस. टबातलं पाणी पिण्यालायक हवं आणि गढूळ झालं की ओतून द्यायचं, कारण एका सडक्या जुडीचं पाणी पुढच्या सगळ्यांना लागतं, आणि ही भाजी लोकं कच्ची पण खातात.

भेंडीला मात्र पाणी लावू नका. ओली भेंडी भरली की शिरांवर काळे डाग पडतात. गवार पण कोरडीच बरी. यांना सावली नि वारा पुरतो. वांगी, दोडका ओल्या फडक्याने पुसून घेतले तरी चालतं.

भरताना पोतं सोडून द्या. पोत्यात गच्च दाबलं की जास्त माल मावतो हे खरं, पण उकडतो पण तोच. भोकांची क्रेट घ्या, तळाला आणि बाजूंना पिळून काढलेलं ओलं गोणपाट, टपटपणारं नको. जुड्या उभ्या, मुळं खाली, फार झालं तर दोन थर, वर हात ठेवून दाबायचं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून नेणारे आहेत, त्यात पाणी उडत नाही हे बरोबर पण आतली ऊब पण बाहेर जात नाही, आणि थोड्या वेळात आत घाम धरतो. पिशवी वापरायचीच तर भोकं पाडा.

एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे आंबा. मेच्या शेवटी घराघरात आढी लावलेली असते आणि भाजी रात्री ठेवायला पण तीच खोली गार म्हणून निवडली जाते. पिकणारा आंबा, पिकलेला टोमॅटो, केळी यातून इथिलीन वायू सुटतो, त्याने पालेभाजी पिवळी पडते, काकडी पण पिवळी पडते. तुमची कोथिंबीर सुकत नसून रातोरात पिवळी पडत असेल तर पाण्याकडे नका बघू, शेजारी काय ठेवलंय ते बघा. गाडीतसुद्धा लाल टोमॅटोची क्रेट आणि मेथी लांब ठेवा.

वाटेत वारा खातो. गिरणाऱ्याहून शहरात यायला फार वेळ लागत नाही, पण मोटारसायकलला मागे दोन क्रेट बांधून किंवा उघड्या पिकअपमध्ये माल आणला की सुटणारा कोरडा वारा पानांतलं पाणी सरळ ओढून घेतो, ऊन नसतानासुद्धा. समोरची बाजू आणि वरचा भाग ओल्या गोणपाटाने झाका. ताडपत्री मालावर टेकवून बांधू नका, ती तापते आणि खालच्या थराला भाजते, मध्ये वीतभर मोकळी जागा सोडा.

विक्रीच्या जागी पूर्ण माल मांडायचा मोह होतो, भरलेलं दुकान दिसलं की गिऱ्हाईक येतं हे खरंय. पण पालेभाजीचा तिसरा हिस्साच वर मांडा, बाकीचा क्रेटमध्येच ओल्या गोणपाटाखाली सावलीत, संपेल तसा काढायचा. सकाळी सातला जिथे सावली असते तिथे नऊला ऊन येतं, जागा घेतानाच सूर्य कुठून चढणार ते बघून छत्री लावा. शिडकावा बारीक आणि थोड्या थोड्या वेळाने, तांब्याने ओतायचं नाही.

ज्यांना रात्रभर किंवा दिवसभर माल ठेवावा लागतो त्यांच्यासाठी शून्य ऊर्जा शीतकक्ष आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे आपण ज्याला पुसा म्हणतो तिने, १९८० च्या दशकात हा तयार केला. लाईट लागत नाही. विटांचा तळ साधारण १६५ बाय ११५ सेंटिमीटर, त्याभोवती विटांची दुहेरी भिंत ६७.५ सेंटिमीटर उंच, दोन भिंतींमध्ये ७.५ सेंटिमीटरची फट आणि त्या फटीत ओली वाळू. वर बांबू-गवताचं झाकण, तेही ओलं. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची की झालं, माठातलं पाणी गार होतं तसंच हे चालतं. साधारण १०० किलो माल मावतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी खाली राहतं, ओलावा ९० टक्क्यांच्या आसपास. जागा मात्र सावलीची आणि वारा खेळता असलेली हवी, वारा लागला नाही तर गार होत नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकून कोपऱ्यात बांधलेला कक्ष नुसता ओला राहतो. गवंडीकाम साधं आहे, वाळू बारीक आणि स्वच्छ घ्या, आणि उंदरासाठी झाकण नीट बसवा.

जुना फ्रिज घेऊन त्यात सगळंच कोंबणारे पण आहेत. मेथी, पालक, कोथिंबिरीला फ्रिज चालतो. भेंडी, काकडी, वांगी, टोमॅटो यांना १० अंशांच्या खालचा गारवा सोसत नाही, आतून पाणचट होतात, डाग पडतात, आणि बाहेर काढल्यावर पटकन जातात. त्यांना शीतकक्षच बरा.

संध्याकाळच्या लिलावाला माल नेणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. बाजार समितीत पालेभाजी शेकड्याने जाते, संध्याकाळी लिलाव आणि रात्री गाड्या मुंबईला, त्यामुळे बरेचजण दुपारी बारा-एकला उपटायला लागतात, माल ताजा दिसावा म्हणून. पण तापलेली जुडी लिलावाच्या ओट्यावर येईपर्यंतच लोंबते आणि व्यापारी तिथेच भाव तोडतो, पुढे मुंबईला काय होत असेल ते वेगळंच. पहाटे उपटून, बुडवून, निथळून सावलीत किंवा कक्षात ठेवलेली जुडी संध्याकाळी दुपारच्या जुडीपेक्षा ताठ दिसते. विश्वास बसत नसेल तर एकाच वाफ्यातल्या थोड्या जुड्या पहाटे आणि थोड्या दुपारी उपटा, वेगवेगळ्या दोरीने बांधा आणि चार वाजता दोन्ही तराजूवर ठेवून वजनातला फरक बघा. वजन खोटं बोलत नाही, आणि शेजारच्याला पटवायला पण तेच कामाला येतं.

आता रोहिणी नक्षत्र लागलं की एक गोष्ट उलटी करावी लागते. वर जे गोणपाट ओलं करा, वाळू भिजवा सांगितलं ते सगळं कोरड्या हवेवर चालतं, पाणी उडतं म्हणून गारवा येतो. मेच्या शेवटी ढग यायला लागतात, हवा दमट होते, एखादा वळीव पडून जातो, आणि मग ओलं गोणपाट ओलंच राहतं. पाणी उडत नाही, गार होत नाही, आणि भाजी सुकायच्या ऐवजी सडते. म्हणून दमट दिवशी गोणपाट एकदम पिळून घ्या, शिडकावा कमी करा, क्रेटमध्ये एक थर कमी भरा आणि वारा जास्त लागू द्या. पावसात भिजलेली कोथिंबीर उपटावीच लागली तर बुडवायची नाही, आधी नेटवर किंवा बाजेवर पातळ पसरून पाल्यावरचं पाणी वाऱ्यावर सुकवा, मग जुड्या बांधा. बांधताना पण दोरी सैल ठेवा, दोन बोटं आत जातील इतपत, कारण या दिवसांत सड सुरू होते ती नेमकी दोरीखालीच.